फ्रेस्नोच्या हिस्पॅनिक मुलांना कॉलेजचा पैसा कुठून मिळतो?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोजवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बारावीची बहुतेक मुले मेक्सिकन आणि एल साल्वादोरच्या घरांतली आहेत. कुणी स्वतः नागरिक आहे पण आईवडिलांकडे देशात राहण्याचे कागद नाहीत, कुणी स्वतःच लहानपणी कागदांविना आलेले. सगळी मला विचारतात, "मिस, हिस्पॅनिक मुलांसाठीची ग्रँट कुठली?" त्यांना नेमके काय सांगू, आणि कुठल्या क्रमाने?

उत्तर : आधी त्यांचा प्रश्नच थोडा वळवून घ्या. 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाच्या, विद्यार्थ्यांसाठी असा शिक्का असलेली केंद्र सरकारची ग्रँट नाही. अमेरिकेत कॉलेजच्या मदतीचा मोठा पैसा तीन गोष्टी बघून मिळतो : घरचे उत्पन्न, मुलाचे इमिग्रेशनचे कागद आणि राहते राज्य. केंद्राच्या मदतीच्या अर्जात, म्हणजे फाफ्सात, वंशाचा प्रश्न विचारतात खरा, पण तो आकडेवारीपुरता. 'सांगायचे नाही' अशी खूण केली तरी एक डॉलर इकडचा तिकडे होत नाही. शिक्क्याच्या शिष्यवृत्त्या आहेत त्या खासगी संस्थांच्या, आणि त्यातल्या बऱ्याच ५०० ते ५,००० डॉलरच्या. मुले त्यांच्या निबंधांमागे सगळा हिवाळा घालवतात आणि ज्या अर्जातून वर्षाला पंधरा हजार मिळू शकतात तो २ मार्चच्या रात्री अकरा वाजता भरायला बसतात. तुमच्या हातून एवढा क्रम उलटा झाला तरी खूप आहे.

पंधरा हजार हा आकडा हवेतला नाही. घरी राहून फ्रेस्नो स्टेट या कॅल स्टेट विद्यापीठाला जाणारी, नागरिक असलेली आणि कमी उत्पन्नाच्या घरातली मुलगी धरा. केंद्राची पेल ग्रँट पूर्ण मिळाली तर ७,३९५ डॉलर. कॅल स्टेट विद्यापीठांचे २०२६–२७ चे वार्षिक शिक्षणशुल्क ६,८३८ डॉलर आहे. ते बहुधा विद्यापीठाच्या स्वतःच्या 'स्टेट युनिव्हर्सिटी ग्रँट'मधून सुटते. राज्याची कॅल ग्रँट बी मिळाली तर पहिल्या वर्षी वरखर्चाला १,६४८ डॉलर. बेरीज १५,८८१. यातले काहीही फेडायचे नाही. कॅल ग्रँट बी पहिल्या वर्षी साधारणपणे शुल्क भरत नाही, फक्त हातखर्च देते आणि शुल्काची जबाबदारी दुसऱ्या वर्षापासून उचलते. हे माहीत नसल्यामुळे पालक पहिले पत्र बघून घाबरतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

वर्गातल्या मुलांचे कागदांप्रमाणे तीन गट पाडा. मनात पाडा, यादी करू नका. कुणाकडे कागद नाहीत याची लेखी नोंद शिक्षकाच्या वहीत असू नये.

पहिल्या गटात मूल आणि पालक दोघेही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. यांना अडचण फक्त आळसाची. इथेच काही कमी माहीत असलेल्या गोष्टी सांगतो. प्वेर्तो रिकोची माणसे जन्माने अमेरिकी नागरिक असतात, त्यामुळे पेलला पात्र. पण तिथे कर भरणारे कुटुंब बेटाच्याच 'आसियेंदा' या कर खात्याकडे विवरण देते, आयआरएस या केंद्राच्या कर खात्याकडे नाही, म्हणून त्यांचे आकडे अर्जात आपोआप येत नाहीत, हाताने भरावे लागतात. आश्रय मंजूर झालेले, निर्वासित म्हणून आलेले आणि 'क्यूबन-हैतियन एंट्रंट' असा शेरा मिळालेले यांनाही ग्रीन कार्डाआधीच केंद्राची मदत मिळू शकते. याउलट टीपीएस, म्हणजे तात्पुरते संरक्षण, एवढेच हातात असलेल्या साल्वादोरी मुलाला कामाची परवानगी असते, सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) असतो, पण पेल मिळत नाही. 'डाका'चेही तसेच. (आपल्या कानाला हा शब्द दरोड्यासारखा लागतो, पण इथे तो लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून मिळालेल्या तात्पुरत्या मुभेचे नाव आहे.) नंबर आहे म्हणून ही मुले फाफ्सा भरू शकतात, पण त्यातून केंद्राचा पैसा येत नाही. हातात नंबर दिसला म्हणजे पात्रता आली असे समजणे ही शाळांतल्या मदतनिसांची नेहमीची चूक.

दुसऱ्या गटात मूल नागरिक, पालक कागदांविना. तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पात्रता मुलाच्या कागदांवर ठरते, पालकांच्या नाही. पालकांकडे नंबर नसला तरी मुलाला पेल पूर्ण मिळू शकते. फाफ्सात पालकांना 'काँट्रिब्युटर' म्हणतात आणि प्रत्येक काँट्रिब्युटरला स्वतःचे खाते काढून संमती द्यावी लागते. ही संमती म्हणजे कर्जाची हमी नव्हे, आयआरएसकडची करमाहिती बघायची परवानगी. विवरण भरलेले नसले, नंबर नसला तरी संमती लागतेच. ती नसेल तर एसएआय, म्हणजे घराच्या ऐपतीचा निर्देशांक, निघतच नाही आणि ग्रँटचा प्रश्नच उरत नाही.

खाते काढताना नंबर नसलेल्या पालकाने 'माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही' या चौकटीत खूण करायची. आयटीआयएन, म्हणजे कर भरण्यासाठी मिळणारा नंबर, सोशल सिक्युरिटीच्या रकान्यात कधीही टाकायचा नाही. दोन्ही नऊ आकड्यांचे असल्यामुळे हा घोळ वारंवार होतो. कामासाठी कुणी दुसऱ्याचा किंवा बनावट नंबर वापरत असेल तर तोही इथे नको. ओळख पटवायला क्रेडिटच्या इतिहासावरचे प्रश्न येऊ शकतात. ज्यांनी कधी बँकेचे कर्ज घेतलेले नाही त्यांना ते जमत नाहीत, मग वेगळ्या वाटेने ओळख पटवावी लागते. म्हणून पालकाचे खाते अर्जाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी काढा. आई, वडील आणि मूल यांचे ईमेल आणि मोबाइल वेगवेगळे हवेत. एकाच ईमेलवर दोन खाती निघत नाहीत, आणि घरात ईमेल फक्त मुलाचाच असणे ही इथली अगदी रोजची गोष्ट. तो ईमेल शाळेचा असेल तर आणखी पंचाईत, कारण जूनमध्ये शाळा तो बंद करते.

नंबर नसलेल्या पालकांचे उत्पन्न हाताने भरावे लागते, म्हणून २०२६–२७ च्या अर्जासाठी २०२४ चे १०४० हे आयकर विवरण समोर हवे. आकडा घ्यायचा तो ओळ ११ चा, एजीआय, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरचे एकूण उत्पन्न. पगाराच्या डब्ल्यू-२ कागदावरचा नाही. विवरणच भरलेले नसेल तर नीट विचारा : भरायची गरज नव्हती, की गरज असून भरले नाही? पहिली गोष्ट चालते. भरायची गरज नसलेल्या पालकांच्या मुलाचा एसएआय उणे १,५०० पर्यंत जातो आणि पेल पूर्ण मिळते. दुसऱ्या बाबतीत कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाच्या लक्षात आले की विवरण हातात पडेपर्यंत ते पैसा थांबवू शकतात. रोखीने बागकाम किंवा साफसफाई करणाऱ्या घरांत हे फार दिसते. उपाय एकच : डब्ल्यू-७ हा अर्ज भरून आयटीआयएन घ्यायचा आणि मागचे विवरण उशिरा का होईना भरायचे. आयटीआयएन सलग तीन वर्षे विवरणात वापरला नाही तर बाद होतो, हेही तपासा.

आता भीतीचा विषय. फाफ्सातली माहिती मदतीच्या कामासाठीच वापरायची, असे कायदा सांगतो. पण एप्रिल २०२५ मध्ये आयआरएस आणि इमिग्रेशन खात्यात पत्ते देण्याचा करार झाला आणि मग तो न्यायालयात गेला, हे पालकांनी बातम्यांत पाहिलेले आहे. "काही होणार नाही" असे आश्वासन शिक्षकाने देऊ नये, आणि "भरू नका" असेही सांगू नये. निर्णय घरचा. त्यांच्यासमोर तीन गोष्टी ठेवा. मोठ्या भावंडाने आधी फाफ्सा भरला असेल किंवा पालक दर वर्षी आयटीआयएनवर विवरण देत असतील, तर नाव-पत्ता सरकारकडे आधीच आहे. फाफ्सा न भरल्यास पेलचे ७,३९५ वर्षाला, चार वर्षांत जवळपास तीस हजार, हातचे जातात. आणि कॅलिफोर्नियात मधली वाट आहे : अशा मिश्र घरातले नागरिक मूल फाफ्साऐवजी राज्याचा 'कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट' अर्ज भरू शकते. त्यातून पेल नाही, पण कॅल ग्रँट आणि राज्याचा बाकी पैसा मिळू शकतो. तो अर्ज राज्याकडे राहतो. शंका उरली तर ना-नफा संस्थेतल्या इमिग्रेशन वकिलाकडे पाठवा, 'नोतारियो'कडे नाही. लॅटिन अमेरिकेत नोतारियो म्हणजे कायद्याचा मोठा माणूस, अमेरिकेत नोटरी म्हणजे सहीवर शिक्का मारणारा. या एका शब्दाच्या गैरसमजावर लोकांचे हजारो डॉलर गेलेले आहेत. फाफ्सा भरून देण्याचे पैसे मागणारा कुणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवावे. अर्ज फुकट आहे आणि स्पॅनिशमध्येही आहे.

तिसऱ्या गटात मूल स्वतः कागदांविना, किंवा डाका, किंवा टीपीएसवर. यांचा अर्ज ड्रीम ॲक्टचा. त्याआधी पाया म्हणजे 'एबी ५४०', हा २००१ चा कायदा. कॅलिफोर्नियातल्या शाळेत साधारण तीन वर्षे शिकून इथूनच हायस्कूल पूर्ण केले, तर राज्याबाहेरच्याचे महागडे शुल्क लागत नाही. त्यासाठी कॉलेजात एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि ते आपोआप होत नाही. मुलगी ड्रीम ॲक्टचा अर्ज भरून निर्धास्त होते, प्रतिज्ञापत्र राहते, आणि ऑगस्टमध्ये बिल राज्याबाहेरच्या दराने येते. तेव्हा कार्यालयात रांगा असतात. प्रवेश मिळाल्याच्या आठवड्यातच ते देऊन टाकायला सांगा. २०११ च्या एबी १३० आणि १३१ या कायद्यांनी अशा मुलांना विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या आणि कॅल ग्रँट खुल्या केल्या. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात तर 'कॉलेज प्रॉमिस ग्रँट'ने दर युनिटचे, म्हणजे श्रेयांकाचे, ४६ डॉलर शुल्कच माफ होते.

हे सगळे कॅलिफोर्नियाचे. टेक्ससमधल्या चुलतभावाचा सल्ला इथे चालत नाही आणि इथला तिथे चालत नाही. टेक्ससने २००१ मध्येच अशी सवलत दिली होती, ती जून २०२५ मध्ये संघीय न्यायालयाच्या आदेशाने थांबली. फ्लोरिडाने आपली सवलत जुलै २०२५ पासून काढली. न्यू यॉर्कमध्ये २०१९ च्या होसे पेराल्ता ड्रीम ॲक्टने राज्याची टॅप ग्रँट अशा मुलांना मिळते. कुटुंब हंगामी कामासाठी राज्ये बदलत असेल तर बारावी कुठे संपते हा मुद्दा शुल्काच्या हिशेबात घ्यायला सांगा.

तारखांचे सांगायचे तर फाफ्सा आणि ड्रीम ॲक्ट दोन्ही साधारण १ ऑक्टोबरच्या आसपास उघडतात. कॅल ग्रँटची चार वर्षांच्या कॉलेजांसाठीची तारीख २ मार्च, कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरपर्यंत आणखी एक संधी. पण एफएसईओजी ही केंद्राची जादा ग्रँट, वर्षाला १०० ते ४,००० डॉलर, प्रत्येक कॉलेजला ठरावीक रकमेची मिळते आणि संपली की संपली. तिच्यासाठी मार्चची वाट बघून चालत नाही. कॅल ग्रँटला शाळेने पाठवलेले जीपीएही (गुणांची सरासरी) लागते : ए प्रकारासाठी ३.०, बी साठी २.०. सरकारी शाळा ते परस्पर पाठवतात, पण शाळेच्या नोंदीतले नाव आणि अर्जातले नाव जुळले तरच ते मुलाच्या खात्याला चिकटते.

नावावरून आठवले. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे घालून अमेरिकी फॉर्मवर जी गंमत होते तीच इथे दोन आडनावांची होते. गार्सिया लोपेझ हे वडिलांचे आणि आईचे आडनाव. सोशल सिक्युरिटी कार्डावर दोन्ही, शाळेत फक्त गार्सिया, बँकेत मधे आडवी रेघ घालून, आणि एखाद्या कारकुनाने गार्सियाला मधले नाव करून टाकलेले. फाफ्साची पडताळणी सोशल सिक्युरिटी खात्याच्या नोंदीशी होते, म्हणून कार्डावर जसे आहे तसेच अक्षरशः भरायचे. शाळेची नोंद वेगळी असेल तर कॅल ग्रँटच्या 'वेबग्रँट्स' खात्यात जाऊन जीपीए पोहोचला का ते मार्चआधी बघायचे. दुसरी चूक जन्मतारखेची. मेक्सिकोतही आपल्यासारखे आधी दिवस मग महिना लिहितात आणि अमेरिकेत उलटे. ०५/०८ चे ०८/०५ झाले की पालकाचे खाते अर्जाला जुळत नाही, आणि पडद्यावर येणारा संदेश कारण सांगत नाही. दोन तास सगळे डोके धरून बसतात.

उत्पन्नाच्या भागात चार ठिकाणी थांबून तपासा. दोन पालकांच्या चौघांच्या घराला पूर्ण पेलची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या पावणेदोन पट असते. २०२४ ची रेषा ३१,२०० डॉलर होती, म्हणजे ५४,६०० च्या आत एजीआय असेल तर पूर्ण ग्रँट. एकट्या पालकाला सव्वादोन पट. घरातली माणसे मोजताना आजी राहत असेल आणि तिचा अर्ध्याहून जास्त खर्च पालक करत असतील तर तिलाही धरायचे. बहुतेक जण विसरतात आणि मर्यादेच्या एक पायरी वर जाऊन बसतात. मालमत्तेत राहते घर आणि निवृत्तीचे खाते येत नाही, पण मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये आईच्या नावावर असलेले दुसरे घर किंवा जमीन येते. एजीआय ६०,००० च्या आत असेल आणि शेड्यूल सी, म्हणजे विवरणातल्या धंद्याच्या तक्त्यातला, निव्वळ नफा १०,००० च्या आत असेल, तर बहुधा मालमत्तेचा प्रश्नच विचारत नाहीत. स्वतःचा टाको ट्रक किंवा बागकामाचा धंदा असलेली घरे इथेच अडकायची. २०२६–२७ पासून शंभरपेक्षा जास्त पूर्णवेळ नोकर नसलेला घरचा धंदा आणि राहती शेती पुन्हा हिशेबातून वगळली आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका बघून ट्रकची किंमत भरू नका. आईवडील वेगळे राहत असतील तर ज्याने गेल्या वर्षभरात जास्त खर्च उचलला त्या पालकाचे उत्पन्न द्यायचे. मूल कुणाकडे झोपते हा निकष आता नाही.

अर्जातले उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे असते. मधल्या काळात पॅकिंग शेडमधले काम गेले, वडिलांना पकडून देशाबाहेर पाठवले, आजारपणाचे बिल आले, तर फाफ्सा बदलायचा नाही. कॉलेजच्या कार्यालयाला 'प्रोफेशनल जजमेंट' मागायचे. कायद्याने त्यांना आकडे बदलायचा अधिकार आहे, बंधन नाही, म्हणून पुरावे महत्त्वाचे : कामावरून काढल्याचे पत्र, शेवटची पगारपावती, दवाखान्याची बिले. भावनिक पत्र छोटे ठेवा, कागद जास्त जोडा.

शेतमजूर घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण फ्रेस्नोच्या आसपास ती सर्वांत जास्त उपयोगाची आणि सर्वांत कमी विचारली जाते. 'कॅम्प' नावाचा केंद्राचा कार्यक्रम १९७२ पासून आहे. मुलाने किंवा घरच्या जवळच्या माणसाने गेल्या २४ महिन्यांत ७५ दिवस हंगामी किंवा फिरस्ते शेतकाम केले असेल, तर पहिल्या वर्षी पैसा, शिकवणी आणि हात धरून नेणारा माणूस मिळतो. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांसारखीच ही घरे द्राक्षे, बदाम, टोमॅटोच्या हंगामांमागे फिरतात. फ्रेस्नो स्टेटमध्ये हा कार्यक्रम चालत आला आहे. प्रत्येक विद्यापीठाला तो केंद्राच्या अनुदानावर मुदतीपुरता मिळतो, म्हणून अर्जाआधी यंदा जागा आहेत का ते विचारा. ७५ दिवसांचा पुरावा ठेकेदाराच्या पावत्यांतून निघतो. त्या फेकू नका असे पालकांना आत्ताच सांगा.

आता 'हिस्पॅनिक' शिक्क्याकडे येतो. तुमच्या मुलांनी 'एचएसआय' हे नाव ऐकलेले असेल : हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन, म्हणजे जिथे पूर्णवेळच्या हिशेबाने २५ टक्के किंवा जास्त पदवी विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत. फ्रेस्नो स्टेट त्यातलेच. पण या नावाचे केंद्राचे अनुदान संस्थेला मिळायचे, प्रयोगशाळा, समुपदेशन, शिकवणी यांसाठी. विद्यार्थ्याने त्यासाठी अर्ज करायचा नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने त्यातला बराच पैसा थांबवला. त्याचा मुलीच्या पेलशी काही संबंध नाही, तरी घरोघरी "ग्रँट बंद झाली" अशी आवई उठली. ती खोडून काढा.

खासगी शिष्यवृत्त्यांत १९७५ पासूनचा हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड सर्वांत ओळखीचा. अर्ज साधारण जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, रक्कम ५०० ते ५,००० डॉलर. 'लुलाक' ही लॅटिनोंची १९२९ ची संस्था स्थानिक शाखांमार्फत छोट्या रकमा देते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी 'एसएचपीई' ही हिस्पॅनिक अभियंत्यांची संघटना. कागद नसलेल्यांसाठी 'दड्रीम डॉट यूएस' ही सर्वांत मोठ्या रकमा देणाऱ्यांपैकी एक, पण ती ठरलेल्या भागीदार कॉलेजांतच चालते, तेव्हा कॉलेज निवडण्याआधी तिची यादी बघावी लागते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार बंद केल्यापासून हा सगळा कोपरा हलतो आहे. मॅकडोनल्ड्सच्या 'हासेर' शिष्यवृत्तीवर जानेवारी २०२५ मध्ये खटला झाला आणि एक पालक हिस्पॅनिक असण्याची अट गेली. आता समाजासाठी काय केले ते बघतात. एसएटी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची हिस्पॅनिक गुणवत्ता-ओळखही गेली. पहिल्या पिढीतल्या आणि ग्रामीण मुलांची ओळख राहिली, आणि तुमच्या मुलांना ती बहुतेक लागू पडते. म्हणून गेल्या वर्षीच्या याद्यांवर भरवसा नको, प्रत्येक संस्थेची यंदाची अट वाचा. निबंधात "मी लॅटिनो आहे" एवढ्याने आता गुण मिळत नाहीत. आजोबांना दवाखान्यात दुभाषा म्हणून नेणे, धाकट्यांना सांभाळून पहाटेची शिफ्ट करणे, हे तपशील लिहायला लावा. मुले ते घरातले काम म्हणून सोडून देतात.

जाता जाता, हा प्रश्न मराठी मंडळींकडूनही येतो : गोव्याच्या फर्नांडिस किंवा डिसूझा घरातले मूल हिस्पॅनिक म्हणून अर्ज करू शकते का? नाही. अमेरिकी सरकारची व्याख्या मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, मध्य व दक्षिण अमेरिका किंवा स्पॅनिश मूळ अशी आहे. पोर्तुगीज आडनाव त्यात बसत नाही. आई मेक्सिकन आणि वडील साताऱ्याचे असे मूल मात्र निःशंक बसते. आणि पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला फाफ्सातले काहीच मिळत नाही, तो वेगळाच विषय.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेजला कळवावी लागते, आणि मदत खर्चाच्या मर्यादेपलीकडे गेली तर कॉलेज स्वतःची रक्कम कापते. कार्यालयाला लेखी विचारा की आधी कर्ज आणि वर्क-स्टडी (कॉलेजातल्या कामाचा पगार) कमी करा, ग्रँट नाही. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या कायद्याने पेल किंवा ड्रीम ॲक्टच्या मुलांच्या ग्रँटला अशी कात्री लावण्यावर मर्यादा आणली आहे. हे पत्रात नम्रपणे नमूद करायला हरकत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मदतीची पत्रे येतात तेव्हा गणिताच्या तासाला ती घ्या, याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ग्रँट, शिष्यवृत्ती, वर्क-स्टडी आणि कर्ज सगळे एकाच स्तंभात 'अवॉर्ड' म्हणून छापलेले असते. वर्क-स्टडी म्हणजे काम केल्यावर मिळणारा पगार, हातात आधी काही येत नाही. पहिल्या वर्षी पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला केंद्राचे कर्ज जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळते, त्यातल्या ३,५०० वर शिकत असेपर्यंत व्याज नाही. पालकांच्या नावावरचे 'पॅरंट प्लस' कर्ज कागद नसलेल्या पालकांना मिळतच नाही, तरी काही पत्रांत ते छापून येते. अशा घरातल्या नागरिक मुलाला कार्यालयाच्या परवानगीने स्वतःच्या नावावर जादा कर्ज मिळू शकते, पहिल्या दोन वर्षांत वर्षाला ४,००० पर्यंत. आपणहून कुणी सांगत नाही. ग्रँट वजा केल्यावर उरलेला खर्च कुठल्या कॉलेजात कमी आहे, तेवढेच बघायचे.

प्रवेशानंतरची सगळ्यात महागडी चूक मधेच कॉलेज सोडण्याची. हंगाम सुरू झाला, घरात पैशाची गरज पडली, मुलगा ऑक्टोबरमध्ये वर्गाला जाईनासा झाला. सत्राचा ६० टक्के काळ संपायच्या आत सोडले तर पेलचा न कमावलेला भाग परत करावा लागतो, कॉलेज ते बिल मुलाच्या नावावर टाकते आणि ते फेडेपर्यंत पुढची नोंदणी अडते. सोडण्याऐवजी एखादा विषय कमी करणेही आधी कार्यालयाला विचारूनच. पेल आता युनिटांच्या प्रमाणात मिळते : १२ युनिट म्हणजे पूर्ण, ९ म्हणजे पाऊण. जीपीए साधारण २.० आणि घेतलेल्या युनिटांपैकी दोन तृतीयांश उत्तीर्ण, ही प्रगतीची अट मोडली तर अपील करता येते, कारण आणि सुधारणेची योजना दोन्ही लिहून. पेल आयुष्यात एकूण १२ पूर्णवेळ सत्रांपुरती असते, कम्युनिटी कॉलेजातली सत्रेही त्यात मोजतात. आणि फाफ्सा किंवा ड्रीम ॲक्टचा अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा. पहिल्या वर्षी तुम्ही शेजारी बसलात म्हणून भरला गेला, दुसऱ्या वर्षी आठवण करायला कुणी नसते. जूनमध्ये शाळेचा ईमेल बंद व्हायच्या आत खात्यातला ईमेल मुलाच्या स्वतःच्या पत्त्याने बदलून घ्या आणि त्याच्या फोनमध्ये १ ऑक्टोबरचा गजर लावून द्या.